पाचवी अट

एक वेळ मुलीला नवरा शोधणं परवडलं, पण पीएच.डी.साठी गाइड शोधणं नको, असं दिपमालाचं ठाम मत होऊन बसलं होतं. नवऱ्याची निदान चौकशी करता येते. पोरगा पितो का, शेत खरंच त्याच्या नावावर आहे का, हे चार घरं फिरलं की कळतं. गाइडची चौकशी करायला जावं, तर ज्याला विचारावं तो आधी इकडंतिकडं बघतो, आवाज खाली आणतो, आणि मग जे सांगतो त्यातलं निम्मं त्याचं स्वतःचं रडगाणं असतं.

दिपमाला शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातली. धुळ्यात राहून तिनं गणितात एम.एस्सी. केलं, विद्यापीठाची प्रवेशपरीक्षाही काढली. पण परीक्षा काढून भागत नाही. एखाद्या मान्यताप्राप्त प्राध्यापकानं ‘ही माझी विद्यार्थिनी’ म्हणून संमतीची सही द्यावी लागते, आणि ती सोमवारपर्यंत जमा झाली नाही तर यादीतून नाव बाद. मागच्या वर्षी तसंच झालं होतं. ज्याच्या दारात जावं त्याच्या जागा ‘फुल’. यंदाही बाद झालो, तर ही पोरगी गणिताच्या लायकच नव्हती असं लोक म्हणतील, आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्यालाही ते पटेल, याची तिला धास्ती होती.

तिच्याजवळ एक ठेवा होता. एम.एस्सी.चा प्रकल्प करता करता तिनं एक प्रमेय सिद्ध केलं होतं, आणि ते प्रकल्पात न घालता स्वतःच्या वहीतच ठेवलं होतं. एखाद्या जागेतले सगळे बिंदू एका नियमानं, म्हणजे फलनानं, हलवले, तरी एखादा बिंदू जागचा हलत नाही. त्याला स्थिरबिंदू म्हणतात. कोणत्या अटी पाळल्या म्हणजे असा बिंदू हमखास सापडतो, यावर ढिगानं पेपर निघतात. दिपमालानं पाच अटी लावल्या होत्या. चार इकडच्या तिकडच्या पुस्तकांतल्या, पाचवी तिची स्वतःची. त्या पाचव्या अटीच्या जोरावर सगळी सिद्धता लोण्यातून केस काढावा तशी सुटत होती. ही अट कोणाच्या हाती लागली तर आपलं काही खरं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

एवढा संशय तिच्यात आला कुठून, तर घरातूनच. तिचे वडील मोतीलालआबा बैलबाजारातले दलाल. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा नि देणारा हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात. शेजारी उभ्या माणसाला सुगावा लागत नाही. लहानपणी दिपमाला आबांच्या मागं मागं बाजारात जायची आणि त्या हलणाऱ्या रुमालाकडं बघत बसायची. आबांनी तिला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. “बेटा, रुमाल कधी सरकू देवाना नही,” ही एक. आणि दुसरी, “जो इकनारा बैलना दात मोजू देत नही, त्याना बैलले हात लावाना नही.” विकणारा दात मोजू देईना, म्हणजे तो बैलाचं वय लपवतोय. एक गोष्ट झाकायला सांगते नि दुसरी दाखवायला, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात, हे ना आबांच्या कधी लक्षात आलं होतं, ना लेकीच्या.

यंदा चौकशी करता करता कळलं, की जळगावच्या एका कॉलेजात डॉ. चंद्रकांता मॅडमकडं दोन जागा रिकाम्या आहेत. दिपमालाला आनंद व्हायच्या आधी शंका आली. सगळीकडं झुंबड आणि इथंच जागा रिकाम्या? ज्या दुकानात गिऱ्हाईक नाही, त्या दुकानाच्या मालात काहीतरी खोट असणार. तरी गरज होती. ती गुरुवारी जळगावला गेली.

चंद्रकांता मॅडम मारवाडी कापडवाल्यांच्या घरातल्या, बुटक्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी गाव विचारलं नाही, टक्के विचारले नाहीत, वडील काय करतात तेही नाही. खडू पुढं केला आणि म्हणाल्या, “काय केलंयस ते फळ्यावर लिही.”

दिपमालाला ते खटकलं. आल्या आल्या मालालाच हात? तिनं एक, दोन, तीन, चार अशा अटी लिहिल्या, आणि पाचव्याच्या जागी लिहिलं, ‘आणखी एक तांत्रिक अट.’

“कोणती?” मॅडमनी विचारलं.

“ती... जरा लांबलचक आहे मॅडम. नंतर सांगते.”

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. ती नजर दिपमालाला मुळीच आवडली नाही. “बरं,” त्या म्हणाल्या, “अट राहू दे. एक उदाहरण दे. तुझ्या सगळ्या अटी पाळणारं एखादं फलन. साधंसं चालेल.”

आता मात्र दिपमालाची खात्रीच पटली. बाई पक्क्या होत्या. उदाहरण हातात आलं की त्यावरून उलट मागं जाऊन अट काढायला यांना कितीसा वेळ? सरळ मागून मिळालं नाही, तर आडवाटेनं!

“आत्ता आठवत नाही,” ती म्हणाली.

“आठवायचं नसतं, शोधायचं असतं,” मॅडम म्हणाल्या. “पुढच्या गुरुवारी उदाहरण घेऊन ये. सोमवारची मुदत बहुतेक वाढेल. मग सहीचं बोलू.”

दिपमाला फळा स्वतः पुसून बाहेर पडली. पुसलेला फळा तिनं दारातून पुन्हा एकदा तपासला. तेवढं करूनही तिचं समाधान झालं नाही, मुदत वाढेल याचाही भरवसा नव्हता, आणि बसस्टँडवरूनच तिनं भूषणला फोन लावला.

भूषण हा कॉलेजात तिच्या पुढं असलेला मुलगा, आता धुळ्यात शिकवण्या घ्यायचा. तो आधी चंद्रकांता मॅडमकडंच होता, मग त्यांना सोडून धुळ्याच्या भूपेंद्र सरांकडं गेला होता.

“त्या बाईकडं? वेडी झालीस का?” भूषण म्हणाला. “दोन वर्षं काढली तिथं. एक पेपर छापू दिला नाही. काही नेलं की उदाहरण दे, उदाहरण दे. अगं, सरांकडं ये. वर्षात चार पेपर झाले माझे.”

“आणि जागा?”

“ते मी बघतो. फक्त एवढंच, काहीतरी दाखवायला आण. सरांना रिकाम्या हातानं आलेलं आवडत नाही.”

दुसऱ्या दिवशी ती भूपेंद्र सरांपुढं उभी होती. सरांनी आधी खुर्ची दिली, मग चहा मागवला, मग विचारलं, “कोन्ता गावनी तू?” गावाचं नाव ऐकल्यावर ते टेबलावर हात आपटून हसले. “अरे! मोतीलालआबानी पोर! तुना आबानी मना काकाले बैलजोडी देयेल शे. तू आपलीच शे बेटा, तुले काय परकं समजानं?”

अहिराणी कानावर पडली आणि दिपमालाचा जीव भांड्यात पडला. त्या जळगावच्या खोलीत कसं परीक्षेला बसल्यासारखं वाटलं होतं, इथं जणू मामाच्या घरी आल्यासारखं. सरांनी खडू पुढं केला नाही, एकही प्रश्न विचारला नाही. तिनं पुढं केलेल्या वहीतल्या पाची अटी नुसत्या वरवर पाहून म्हणाले, “भारी शे! मले मेल करी दे बठ्ठं. सहीना काय, सोमवारले देसू.”

रात्री तिनं आबांना फोन केला. आबांनी सरांच्या काकांना दिलेल्या बैलजोडीची आठवण काढली आणि निर्वाळा दिला, “आपला मानूस शे. दी टाक.”

तिनं पाचव्या अटीसकट सगळं पाठवून दिलं. जो रुमाल तिनं जळगावला बोटभर सरकू दिला नव्हता, तो धुळ्यात स्वतःच्या हातानं काढून टेबलावर ठेवला. का, तर समोरचा ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हणाला.

सोमवार आला. सरांचा फोन लागेना. दुपारी लागला तेव्हा सर शुद्ध मराठीत बोलत होते. “सॉरी दिपमाला, या वर्षीची जागा भरली आहे. वरून आदेश आहे. पुढच्या वर्षी नक्की पाहू.” त्या दिवसापुरतं दैव तेवढं बरं निघालं, की विद्यापीठानं मुदत शुक्रवारपर्यंत वाढवली. पण बुधवारी एका ऑनलाइन नियतकालिकात, पैसे भरले की चार दिवसांत छापणाऱ्या, तिनं आपलं प्रमेय पाहिलं. एक, दोन, तीन, चार, आणि पाचवी. खाली नावं दोन. भूषण आणि भूपेंद्र सर.

ती रडली. नुसती रडली नाही, भाड्याच्या खोलीत उशी भिंतीवर फेकून रडली. चोरी झाल्याचं दुःख होतंच, पण आपण, सगळ्या जगाकडं तिरक्या नजरेनं बघणाऱ्या आपण, नेमके चोराच्याच घरी किल्ली देऊन आलो, हे तिला जास्त झोंबत होतं. आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “त्यानी तुले काय काय इचारं व्हतं?”

“काहीच नाही, आबा.”

“काहीच नही?” आबा म्हणाले. “दात न मोजता बैल लेनारा मानूस मी जनमभर दखा नही बेटा. तसा लेनारा चोरच ऱ्हास. मीच चुकनू, मी बोली दिन्हं तुले.”

उरला होता गुरुवार, आणि उरल्या होत्या चंद्रकांता मॅडम. तिकडं जायचं तर उदाहरण न्यायला हवं होतं. आता लपवण्यासारखं काही शिल्लक नव्हतं, त्यामुळं सकाळी धुळ्याहून बसमध्ये बसल्यावर तिनं पहिल्यांदाच प्रामाणिकपणे उदाहरण शोधायला घेतलं. आजवर कधी शोधलंच नव्हतं! राखण करण्यात एवढी गुंतली होती, की आत काय आहे ते बघायची तिला गरजच वाटली नव्हती.

पहिलं फलन तिसऱ्या अटीत अडकलं. दुसरं पाचवीत. पारोळा येईपर्यंत तिनं अनेक फलनं तपासून टाकली. तिसरी अट सांभाळावी तर पाचवी मोडायची, पाचवी सांभाळावी तर तिसरी. सासूसुना बऱ्या, एवढं त्यांचं हाडवैर. एरंडोलच्या अलीकडं तिनं पेन थांबवलं. आठवडाभर तिनं मॅडमवर संशय घेतला होता, मग भूषणवर, मग सरांवर, मग स्वतःच्या नशिबावर. प्रमेयावर तेवढा घेतला नव्हता.

तिनं कोणतेही दोन बिंदू धरले आणि त्यांना तिसरी अट लावली, मग पाचवी. दोन ओळींत निकाल लागला. दोन्ही अटी एकदम पाळायच्या तर त्या दोन बिंदूंमधलं अंतर शून्यच असायला हवं. म्हणजे ते दोन नव्हेतच, एकच. म्हणजे पाची अटी पाळणाऱ्या जागेत मुळात एकच बिंदू असणार. आणि एकच बिंदू असला तर तो हलून जाणार कुठं? गावात एकच माणूस राहतो आणि तो घरीच असतो, हे सिद्ध करायला तिनं अकरा पानं खर्ची घातली होती.

आधी तिला रडू आलं. मग भूपेंद्र सर डोळ्यांपुढं आले, आणि ती इतक्या मोठ्यानं हसली की पुढच्या सीटवरच्या आजीबाईंनी वळून पाहिलं. पेटी चोरीला गेली खरी, पण पेटीत काहीच नव्हतं. पुढच्याच क्षणी तिचं हसू मावळलं. पेटी रिकामी होती म्हणजे आपलाही हात रिकामाच, आणि तो घेऊन आपण सही मागायला चाललो आहोत.

मॅडमच्या खोलीत शिरताच ती दारातच थांबली. टेबलावर तोच पेपर छापून ठेवलेला होता.

“बस,” मॅडम म्हणाल्या. आज आवाजात धार होती. “तू त्या दिवशी फळ्यावर चार अटी लिहिल्यास आणि पाचवी लपवलीस. तेव्हाच मला वाटलं होतं, हे हिचं नसावं. दुसऱ्याचा माल असला की माणूस असाच अर्धा दाखवतो. काल हा पेपर माझ्याकडं आला. भूषणचं उद्या पीएच.डी.च्या समितीपुढं सादरीकरण आहे, आणि समितीवर मी आहे. त्यातल्या चार अटी तू लिहिलेल्याच. आता सांग, त्यांचं तू उचललंस, की तुझं त्यांनी?”

तिनं मॅडमना चोर ठरवलं होतं, ते ठीक. पण इतका वेळ आपणही कोणाच्या तरी नजरेत चोर असू, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आबांचं दुसरं वाक्य तिला आठवलं आणि कानशिलं तापली. ती स्वतःला गिऱ्हाईक समजत होती. खरं तर बैल तिचा होता, विकायला तीच आली होती, आणि दात मोजू न देणारीही तीच होती.

“माझंच आहे मॅडम,” ती म्हणाली. “पण...”

“पण पुरावा काय? मेल दाखवशील, ते दुसरा दाखवतील. ते भांडण माझ्यापुढं नको.”

“मेल नाही दाखवत,” दिपमाला म्हणाली आणि तिनं स्वतःच खडू उचलला. तिनं पाची अटी लिहिल्या. पाचवी लिहिताना हात एकदा अडखळला, सवयीनं. मग तिनं दोन बिंदू घेतले आणि त्या दोन ओळी लिहिल्या, शेवटी शून्य. “उदाहरण मागितलं होतंत. एकच आहे. एका बिंदूचं. दुसरं असूच शकत नाही. हे प्रमेय खोटं नाही मॅडम, पण त्यात काहीच नाही. मला आज सकाळी बसमध्ये कळलं.”

मॅडम उठून फळ्याजवळ गेल्या. त्या दोन ओळींवरून त्यांनी बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. मग खुर्चीत येऊन बसल्या आणि त्यांनी तो छापील पेपर उलटा करून ठेवला.

“चोर कधी म्हणत नाही माल कवडीमोल आहे म्हणून,” त्या म्हणाल्या. “तेवढं मालकालाच कळतं, आणि सांगायची हिंमतही त्यालाच होते. माझी चूक झाली. मी तुझ्याबद्दल भलतंच धरून बसले होते.”

“मीपण,” दिपमाला म्हणाली. “मला वाटलं तुम्ही उदाहरणावरून अट काढून घ्याल.”

मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “अगं, माझ्याकडं दोन जागा का रिकाम्या असतात, ठाऊक आहे? उदाहरण मागितलं की बहुतेक पोरं दुसऱ्या गुरुवारी येत नाहीत. उदाहरण घेऊन परत आलेली तू पहिलीच. आण तो संमतीचा कागद.”

दिपमालानं पिशवीतून कागद काढून पुढं ठेवला, तेवढ्यात तिचा फोन वाजला. पडद्यावर भूपेंद्र सरांचं नाव होतं. तिनं मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी मान हलवली. तिनं फोन उचलला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

“दिपमाला, बेटा!” सरांना पुन्हा अहिराणी फुटली होती. “नाराज नको व्हऊ. पुढला वरीसले तुनी जागा पक्की शे. एक बारीक काम व्हतं. ते तुनं प्रमेय शे ना, त्यानं एखादं उदाहरण शे का तुनापाशी? उद्या समितीमा एक बाई शे, तिले उदाहरणनी भारी खोड शे.”

‘तुनं प्रमेय’ हे शब्द खोलीभर पसरले. मॅडमनी पेन उघडलं.

दिपमालाला वाटलं, नाही म्हणावं. मग वाटलं, खोटंच एखादं द्यावं, पडू दे तोंडघशी. पण आठवडाभराच्या लपवाछपवीचा तिला मनापासून वीट आला होता. तिनं खरं तेच सांगितलं, काही न राखता.

“शे ना, सर. पन एकच शे. तिसरी नि पाचवी अट एकठाईं लावी दखा. बठ्ठी जागामा एकच बिंदू ऱ्हास. दुसरा बिंदू ऱ्हाईच शकस नही.”

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. सरांना कळलं असावं, असं तिला वाटलं.

“एक का व्हईना बेटा!” सर मोकळेपणानं म्हणाले. “एक मागेल शे, एक दी देऊत! पाठाडी दे आत्तेच.”

फोन बंद झाला. मॅडमनी सही केली, कागद तिच्याकडं सरकवला आणि डस्टर पुढं केलं.

“आता यातली कोणती अट काढली तर हे प्रमेय जिवंत होईल?”

दिपमाला फळ्यापाशी गेली. पाची अटींकडं तिनं एकदा नीट पाहिलं, आणि सगळ्यांपासून जपलेली ती पाचवी पुसून टाकली.